सात पॉइंट दोन

३ फेब्रुवारी

आत्या,

आधी हातावरचं वॉर्निश पूस, मग पत्र धर. मागच्या तुझ्या पत्रावर अंगठ्याचा एवढा काळा ठसा होता की पोस्टमन म्हणाला, कुणी जमीन केली वाटतं तुमच्या नावावर.

फोन हरवला. हसू नकोस, यंदाचा पहिलाच आहे. एका अर्थी बरंच झालं. तूच म्हणतेस ना, फोनवर मी ऐकत नाही, नुसती बडबडते. आता बस वाचत.

नोकरी लागली! मी इथे उतरणारच नव्हते. आरसे नेणाऱ्या टेंपोत पुढे बसून भलतीकडेच चालले होते. चहाला थांबलो तर समोर उंचच उंच चिमणी, आणि फाटकावर पाटी, 'वायरमन पाहिजे'. आरसेवाल्याला म्हटलं, तू हो पुढे. तो झाला पुढे, आणि माझी कपड्यांची पिशवीही त्याच्याबरोबर पुढे झाली. पण तू दिलेला करंट मोजायचा चिमटा, टाँग टेस्टर, गळ्यात होता, त्यामुळे मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, शिक्षण? मी म्हटलं, अर्धा आयटीआय आणि पूर्ण आत्या.

कारखाना फरशांचा. सगळीकडे माती. चहात माती, केसांत माती, उशीच्या अभ्र्यात माती. मधोमध माती मळायचं एक लांबलचक मशीन आहे, त्याच्या तोंडातून मळलेल्या मातीचा जाड दोर सरकत बाहेर येतो, म्हणून त्याला सगळे 'अजगर' म्हणतात. दुरुस्ती खात्याचे साहेब शर्टाचं वरचं बटण कधी सोडत नाहीत, भट्टीजवळसुद्धा नाही. ते बटणसाहेब.

आता खरी बातमी. काल अजगराच्या मोटरचं टर्मिनल बॉक्स उघडलं, तर आत प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली चिठ्ठी. तुझी! तारीख डिसेंबरची. तिन्ही वाइंडिंगचे आकडे सारखे, रिकामी चालवल्यावर करंट साडेपाच अँपिअर, आणि खाली नेहमीचं 'नीट वागवा'. मी तिथेच ओरडले, ही माझ्या आत्यानं गुंडाळलेली मोटर आहे! बटणसाहेब म्हणाले, "हो का? गेल्या वर्षात दुसऱ्यांदा गुंडाळलीय त्यांनी." मला वाटलं कौतुक करतायत.

त्या मोटरला वर्षापूर्वी ड्राइव्ह बसवलाय, म्हणजे वेग कमी-जास्त करायचा डबा. पूर्वी मोटर पन्नासवर पळायची, आता साहेबांनी ती वीसवर आणलीय. माती घट्ट निघते, वीज कमी लागते. त्याबद्दल साहेबांना प्रमाणपत्र मिळालंय, चौकटीत लावलंय. चौकट वाकडी आहे, मला रोज सरळ करावीशी वाटते.

तुझ्या सवयीनं मोटरच्या अंगावर तळहात ठेवून मोजायला गेले. तीनपर्यंतच मोजता आलं.

आणि हो, तुझी अक्षरं एवढी टपोरी कशी झाली? एका ओळीत तीन शब्द! कागद भरायचा कंटाळा येतो का आता? शेजारच्या कात्रीलाही विचारलंय म्हणून सांग. शिंपीणबाई म्हणायचं तिला, ठाऊक आहे, पण समोरच्याचं वाक्य अर्ध्यात कापणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणू?

तुझी भिंगरी


१० फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र पोचलं. चार पानं आरसे, उशा आणि बटणं. मोटरबद्दल तीन ओळी, आणि त्यातली कामाची एक.

हात ठेवून दहा मोजता आले पाहिजेत. तीनच मोजता येत असतील तर ती मोटर तापलेली नाही, भाजतेय. किती वेळ चालल्यावर हात लावलास? अजगराच्या पोटात माती होती का? करंट किती खात होती? हे लिहिलं असतंस तर पत्र झालं असतं.

ती मोटर माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा माझी समजूत होती की जुनी आहे, म्हातारपणानं गेली. डिसेंबरमध्ये परत आली तेव्हा मला तीन दिवस जेवण गेलं नाही. एकदा जळलेली मोटर माझ्या हातून गेल्यावर दहा-बारा वर्षं तोंड दाखवत नाही. ही दहा महिन्यांत परत. दुसऱ्या वेळी मी प्रत्येक कॉइलचे वेढे दोनदा मोजले, कॉइलखाली पेपर जाड घातला, वॉर्निशही दोनदा पाजलं.

तेव्हा मोज. तिन्ही तारांवर, एकेक करून. माती असताना. आकडा नाचत असेल तर लिहू नकोस, थांब. का नाचतोय ते आधी शोध. उभा राहील तेव्हाच लिही.

अक्षराचं काय घेऊन बसलीस. मोठं लिहिलं की तुझ्यासारखीला नीट समजतं.

आत्या

कपडे घे दोन. मातीत लोळत राहू नकोस.


२ मार्च

आत्या,

कसं लिहू ते समजत नाहीये, म्हणून आधी दुसरंच लिहिते. इथे भट्टीवर काम करणाऱ्या बाईकडे एक पोपट आहे, तो फक्त भोंग्याचा आवाज काढतो. परवा त्यानं सुट्टीचा भोंगा अर्धा तास आधी वाजवला आणि निम्मा कारखाना हात धुऊन फाटकापाशी जाऊन उभा राहिला. मीही त्यात होते.

मोटर जळाली. मंगळवारी, दुपारी. आधी वास आला, तुझ्या दुकानात जळकी मोटर उघडल्यावर येतो तसाच, गोडसर. मग धूर. मी धावले तोवर ती बंद पडली होती. अजगराच्या तोंडात मातीचा दोर तसाच लटकत राहिला.

मला भयंकर वाईट वाटलं. तुझी चिठ्ठी मी मोटर जळायच्या आधीच काढून ठेवली होती, ती माझ्याकडे आहे.

तू मोजायला सांगितलं होतंस. मोजलं होतं मी, जळायच्या आठवडाभर आधी. साहेब समोर उभे होते. पोटात भरपूर माती. सात पॉइंट दोन अँपिअर. नेमप्लेटवर साडेचौदा आहे, म्हणजे निम्म्याच भारावर चालत होती. साहेब म्हणाले, "म्हणजे मोटरवर ताण नव्हता. लिहून ठेव." मी लिहून दिलं.

आता दुसरीकडून नवीकोरी मोटर आणून बसवलीय. अजगर परत चालू आहे. तीही तापते, पण नव्या मोटरी तापतातच म्हणे थोड्या.

आत्या, तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही हं. होतं कधी कधी. तूच म्हणतेस, माणसाचा हात आहे.

तुझी भिंगरी


९ मार्च

भिंगरी,

सात पॉइंट दोन. मी हे पत्र समोर ठेवून दोन दिवस बसले आहे.

हे बघ. ती मोटर माझ्या टेबलावर रिकामी, हवेत फिरताना साडेपाच खात होती. चिठ्ठी तुझ्याकडे आहे, वाच. अजगराच्या पोटात घट्ट माती भरल्यावर फक्त सात? दीड अँपिअरमध्ये तो अजगर माती मळतो की पाणी ढवळतो? मला हा हिशोब बसत नाही. तुझ्या सात पॉइंट दोनमध्ये काहीतरी खोट आहे.

नाहीतर माझ्या साडेपाचात आहे. तेही होऊ शकतं. असो.

एक काम कर. जळकी मोटर उघडून आत बघ. जळलेल्या कॉइल बोलतात. एकाच जागी फुटली असेल, तांब्याचा गोळा झाला असेल, तर गुंडाळणाऱ्याला विचारायचं. सगळ्या कॉइल सारख्या करपल्या असतील, तर चालवणाऱ्याला. मला एवढंच सांग, एका जागी की सगळीकडे? पोपट नको, पोपटाचा भोंगा नको. एका जागी की सगळीकडे.

आणि कुठे मोजलंस ते लिही. ड्राइव्हमध्ये वीज जाते तिथे, की ड्राइव्हमधून निघून मोटरकडे जाते तिथे? मला ड्राइव्हमधलं फार समजत नाही. माझ्या टेबलावर तसलं काही नाही. पण दोन दारांची खोली आहे एवढं कळतं.

लवकर लिही. माझ्यासाठी हे तातडीचं आहे.

आत्या


२० मार्च

आत्या,

उशीर झाला. मध्ये तीन दिवस मी इथे नव्हतेच. फरशांची गाडी घेऊन ड्रायव्हर चालला होता, म्हणाला वाटेत मोठा तलाव आहे, येतेस का. गेले. तलाव आटलेला निघाला. मधोमध एक होडी चिखलात रुतलेली, आणि तिच्यात एक कुत्री पिल्लं घालून बसलेली. मी तासभर बघत बसले.

जळकी मोटर भंगारात टाकलीय. भंगाराचं कोठार कारखान्याच्या मागे आहे, कुलूप असतं, किल्ली साहेबांकडे. बघते कधीतरी.

मोजलं ते नीटच मोजलं गं. आकडा उभा होता. तू म्हणालीस तसाच.

तू एवढी मनाला लावून घेऊ नकोस. एक मोटर गेली तर काय झालं? तुझ्या हाताखालून शेकड्यानं गेल्यात.

भिंगरी


५ एप्रिल

भिंगरी,

काल बर्फाच्या कारखान्याचा फोरमन आला होता. आमच्याकडे दुरुस्तीला होत्या त्या त्यांच्या दोन्ही मोटरी तशाच, न गुंडाळता परत घेऊन गेला. भला माणूस आहे, पंधरा वर्षं येतोय, चहा न घेता कधी गेला नाही. काल उंबऱ्याच्या आत आला नाही. कागद तेवढा माझ्या हातात दिला, म्हणाला, "बाई, तुम्हाला माहीत असायला हवं."

तुमच्या कारखान्याचा कागद. 'मोटरचा प्रत्यक्ष करंट ७.२ अँपिअर, क्षमता १४.५. सबब मोटर जास्त भारामुळे जळालेली नाही. वाइंडिंग सदोष.' तो बर्फवाल्यांकडे गेलाय, माझं दुसरं गिऱ्हाईक आहे त्या छापखान्याकडेही. खाली दोन सह्या. एक साहेबांची. दुसरीला शेवटी लांब शेपूट आहे असं समजलं. शेपूट कुणाची ते मला विचारायची गरज पडली नाही.

तू २ मार्चला लिहिलं होतंस, 'लिहून दिलं'. काय लिहून दिलं ते मी विचारायला हवं होतं.

रागावलेली नाही. तुला जे दिसलं त्यावर तू सही केलीस, तर बरोबर केलंस. नात्यासाठी खोटं लिहू नये. दुखतं ते वेगळं आहे. एका जागी की सगळीकडे, हे मी विचारलं आणि तू मला होडीतली कुत्री सांगितलीस.

कॉइल गुंडाळायचे लाकडी साचे गोणीत भरलेत. दुकानाचं शटर खाली आहे. लोक समजतात, सुट्टीवर आहे.

आत्या


१८ एप्रिल

आत्या,

या पत्रात पोपट नाही.

तुझं पत्र वाचलं आणि साहेबांकडे किल्ली मागितली. म्हणाले, "भंगारात काय काम?" मी म्हटलं, माझी चप्पल अडकलीय. मिळाली किल्ली.

सगळीकडे. आत्या, सगळीकडे! मी मोटर उघडली, टॉर्च लावला, बोट फिरवलं. सगळ्या कॉइल एकसारख्या काळ्या. एकही फुटलेली नाही, तांब्याचा गोळा कुठेच नाही. तू जाड घातलेला पेपर बिस्किटासारखा हातात मोडला. 

आता सही. साहेबांनी कागद पुढे केला आणि हसून म्हणाले, "राहू दे, तुझी आत्या आहे ना? तू कशाला सही करशील." सगळे बघत होते. मला वाटलं, नाही केली तर म्हणतील भाची आहे, झाकते. मी पेन ओढून घेतलं. मोठा न्याय करायला निघाले होते.

परवा ड्राइव्ह विकणाऱ्या कंपनीचा माणूस वर्षाच्या तपासणीला आला. डोक्यावरची टोपी एकदाही काढत नाही, म्हणून टोपीवाला. मी त्याच्या मागेच लागले. नवी मोटर चालू होती, पोटात माती. ड्राइव्हमधून मोटरकडे जाणाऱ्या तारेला मी तुझा टाँग टेस्टर लावला. नऊ, अकरा, आठ, परत दहा. टोपीवाला म्हणाला, "ताई, हे मीटर साध्या लायनीचं. सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची वीज त्याला समजते. इथे वीसच आहेत. वर ड्राइव्ह वीज बारीक बारीक तुकडे करून पाठवतो, त्याचा गोंगाट वेगळा. ते बिचारं काय मोजणार?" मग त्यानं स्वतःचं मीटर लावलं. त्यावर एक बटण आहे, ते दाबलं की गोंगाट गाळून खरा करंट तेवढा उरतो. आकडा उभा राहिला.

सोळा पॉइंट आठ.

तिन्ही तारांवर तेवढाच. नेमप्लेटवर साडेचौदा! मग तो ड्राइव्हच्या आधीच्या तारेकडे गेला आणि तिथे लावला. साडेसात. मी म्हटलं, हे कसं? एकच वीज ना? तो म्हणाला, "आत येताना व्होल्टेज पूर्ण असतं, म्हणून करंट थोडा पुरतो. मोटर हळू चालवायची तर ड्राइव्ह व्होल्टेज उतरवतो, आणि मळायचा जोर मात्र तेवढाच लागतो, म्हणून पुढे करंट जास्त. या बाजूच्या आकड्याचा आणि मोटरच्या तापण्याचा संबंध नाही." शिवाय मोटरच्या शेपटीला जो तिचा स्वतःचा पंखा असतो, तोही तिच्याबरोबर हळू फिरतो. म्हणजे काम जास्त, वारा कमी. वर ड्राइव्ह मोटरपेक्षा मोठा, आणि मोटर कितीची आहे ते त्यात कुणी भरलंच नव्हतं, म्हणून त्यानं कधी थांबवलं नाही.

तुझा हिशोब बरोबर होता. माती मळते की पाणी ढवळते. तुझं साडेपाच खरं होतं.

आणि ऐक. टोपीवाल्यानं ड्राइव्हचा छोटा पडदा थुंकी लावून पुसला. त्यावर नुसता वेग दिसायचा. त्यानं एक बटण तीनदा दाबलं. सोळा पॉइंट नऊ. आकडा तिथेच होता, आत्या. वर्षभर. मातीखाली.

मी कुठल्या बाजूला मोजलं ते कागदावर लिहायचं राहून गेलं. ड्राइव्हच्या आधी मोजलं होतं.

साहेबांना सांगितलं. आधी त्यांनी चौकटीकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे अजगर परत पन्नासवर नेऊ? आणि हे प्रमाणपत्र काय, उतरवून तुला देऊ?" मी म्हटलं, नको, वाकडं आहे. ते बोलायला नको होतं. त्यांनी बटणापर्यंत हात नेला, मला वाटलं आता सोडतात. नाही सोडलं. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणाले.

मी दुसरा कागद लिहिला. सोळा पॉइंट आठ, कुठल्या बाजूला, कुठल्या मीटरनं, वेग किती, कॉइल कशा जळल्या. टोपीवाल्यानं सही केली. बर्फवाल्यांना, छापखान्याला आणि कारखान्याच्या मालकांना पाठवला. माझी सही आहे, शेपटासकट.

साचे गोणीतून काढ.

भिंगरी


२ मे

भिंगरी,

तुझं पत्र शिंपीणबाईनं वाचून दाखवलं. आधीचीही तिनंच दाखवली. सगळी. 'कात्री'सुद्धा तिनंच वाचलं, मोठ्यानं, आणि म्हणाली, "पुढे वाचू का इथेच कापू?" तेव्हापासून मला दिवसातून एकदा तरी कात्री दाखवते.

आता तू विचारलेल्या टपोऱ्या अक्षरांचं उत्तर. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दोन्ही. गेल्या पावसापासून. कॉइल मी बोटांनी गुंडाळते, त्यासाठी डोळे लागत नाहीत, वेढे अंगठ्याला मोजता येतात. पण मीटरवरचा आकडा मला दिसत नाही. तो शिंपीणबाई वाचते. डिसेंबरमधलं साडेपाच मी वाचलेलं नाही. तिनं वाचलं, मी लिहिलं.

म्हणून मला भांडता आलं नाही. तुझं सात पॉइंट दोन खोटं वाटत होतं, पण माझं साडेपाच माझं कुठे होतं? मनात यायचं, बाईनं मधला ठिपका सोडला असेल. मनात यायचं, वेढे मोजताना एखादा निसटला असेल, आणि ज्या बाईला दिसत नाही तिनं या धंद्यात राहूच नये. तिला विचारायचीही लाज वाटली. आठ महिने तिनं शिवण सोडून माझे आकडे वाचले, आणि मी तिच्यावर संशय घेत बसले होते.

तो कागद आला त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट केली, ती कुणाला सांगितली नाही. दुकानात माझ्या दोन मोटरी तयार होत्या, पिठाच्या गिरणीच्या. चांगल्या चालत होत्या. मी दोन्ही उघडून वाइंडिंग कापून काढलं. वाटलं, आत काहीतरी चुकलं असणार, फक्त मला दिसत नाही. तांबं खाली पडलं तेव्हा बोटांनी वेढे मोजून बघितले, एकही कमी नव्हता. भिंगरी, तुझ्या त्या आकड्यानं मोटर नाही जाळली. माझे हात जाळले.

तू ड्राइव्हच्या आधी मोजलंस, लिहायचं राहून गेलं. ठीक आहे. तुला कुणी ड्राइव्हवर मोजायला शिकवलंच नव्हतं, मलाही येत नव्हतं. तुझ्या हातात मीच साध्या लायनीचा टेस्टर दिला होता. अर्धी चूक माझी धर.

बर्फवाला फोरमन काल आला. आत आला, चहा घेतला. पंपाची मोटर ठेवून गेला. अट घातलीय, मोटर बसवल्यावर चालू असताना कुणीतरी मोजून आकडे लेखी द्यायचे. त्यांच्याकडेही ड्राइव्ह आहे. त्यांचं म्हणणं रास्त आहे. मी साचे काढलेत. शिंपीणबाई आकडे वाचतेय, ठिपक्यासकट.

मोजायला तू जा. पण माझे डोळे व्हायला इकडे धावत येऊ नकोस, एका जागी चार दिवस बसायची तुला सवय नाही, आणि मला डोळ्यांची दया नको. जूनच्या १२ तारखेला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.

आत्या


२१ मे

आत्या,

बर्फाचा कारखाना. सकाळी अकरा. मोटर तुझी, गार पाणी फिरवायच्या पंपावर. नेमप्लेट १३ अँपिअर. ड्राइव्हवर वेग ३५. मीटर टोपीवाल्याचं, मागून आणलेलं, गोंगाट गाळायचं बटण दाबून. चिमटा ड्राइव्हच्या नंतर, मोटरच्या बाजूला, तारा एकेक करून. पंप पूर्ण भरलेला. १०.४, १०.५, १०.४. आधी मी वाचले, मग फोरमननं, त्याला माझा आकडा न सांगता. तेच आले. ड्राइव्हचा पडदा पुसला. १०.५. दोन तास चालल्यावर अंगावर हात ठेवून दहा मोजले. मग परत दहा मोजले. एक प्रत फोरमनकडे, एक टर्मिनल बॉक्समध्ये तुझ्या चिठ्ठीशेजारी.

आता एक गोष्ट उरली. तू अर्धी चूक तुझी धर म्हणालीस. नको धरू.

त्या दिवशी मी आधी ड्राइव्हनंतरच मोजलं होतं. मोटरच्याच तारेवर. आकडा नाचत होता, आठ, अकरा, नऊ. तू लिहिलं होतंस ते आठवलं, का नाचतोय ते आधी शोध. साहेब घड्याळ बघत होते, म्हणाले, "काय झालं, येत नाही का?" मग मी ड्राइव्हच्या आधीच्या तारेला चिमटा लावला. तिथे आकडा उभा होता. तो लिहिला, आणि पुढे लिहिलं 'मोटरचा करंट'. ते शब्द लिहिताना हात थांबला होता. ही मोटरची बाजू नाही एवढं मला समजत होतं. शिकवलं नव्हतं म्हणून नाही. येत नाही असं म्हणायला लागू नये म्हणून.

मागच्या पत्रात म्हटलं, लिहायचं राहून गेलं. राहून गेलं नव्हतं.

शिंपीणबाई, ही ओळ कापू नका. दोनदा वाचा तिला.

भिंगरी